नांगर चालेल तेव्हाच शांतता

युद्ध कधी संपले, याचे उत्तर इतिहासाच्या पुस्तकात एका तारखेत मिळते. त्या दिवशी करारावर सह्या झालेल्या असतात किंवा एका बाजूने शस्त्रे खाली ठेवलेली असतात. पण ज्या गावाच्या शिवारात सुरुंग पेरले गेले, तिथल्या माणसाला हाच प्रश्न विचारला तर तो तारीख सांगत नाही. बांधापलीकडचे शेत अजून पडीक का आहे, सरपणाला जाणाऱ्या बायका लांबचा वळसा का घेतात, शेजाऱ्याचा पाय कसा गेला, हे तो सांगतो. आज, ४ एप्रिल, हा भूसुरुंगांविषयीच्या जागृतीचा आणि ते हटवण्याच्या कामाला साहाय्य करण्याचा आंतरराष्ट्रीय दिवस. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००५मध्ये तो ठरवला आणि २००६पासून तो पाळला जातो. या निमित्ताने एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. सुरुंग काढणे हे युद्धानंतर सवडीने करायचे दानधर्माचे काम नाही. युद्धग्रस्तांच्या पुनर्वसनाची सुरुवात तिथूनच होते आणि ते काम पुरे होईपर्यंत सैन्याने, सरकारने वा जगाने युद्ध संपल्याचे म्हणू नये. शेतकऱ्याने न कचरता नांगर धरला, की शांतता आली.

'लँडमाइन मॉनिटर' या वार्षिक अहवालाने २०२३ या एका वर्षात सुरुंग आणि न फुटलेला दारूगोळा यांमुळे मेलेल्या व जखमी झालेल्या किमान ५,७५७ माणसांची नोंद केली. त्यांतले ८४ टक्के सामान्य नागरिक होते. ज्यांचे वय कळू शकले त्या नागरिकांत ३७ टक्के मुले होती. त्या वर्षी सर्वाधिक बळी म्यानमारमध्ये गेले. पुढच्या वर्षी जगाचा आकडा सहा हजारांच्या वर गेला. ही केवळ नोंद झालेली माणसे. दवाखान्यापर्यंत पोचण्याआधीच ज्याने प्राण सोडला, ज्याच्या गावापर्यंत कुणी नोंद घ्यायला गेलेच नाही, तो यात नाही. नेहमी दिल्या जाणाऱ्या अंदाजानुसार एक सुरुंग तयार करायला ३ ते ३० डॉलर लागतात आणि तोच शोधून काढायला ३०० ते १,००० डॉलर. पेरणारा काही तासांत शेकडो सुरुंग पुरून निघून जातो. काढणाऱ्याला त्यासाठी वर्षे मोजावी लागतात.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे पाहायला फार लांब जायला नको. भारताच्या दक्षिण टोकापासून हाकेच्या अंतरावर, उत्तर श्रीलंकेत, मुहमालै नावाचे गाव आहे. जाफना द्वीपकल्प ज्या अरुंद पट्टीने मुख्य भूमीला जोडला जातो, त्या एलिफंट पासच्या पुढे, जाफन्याकडे जाणाऱ्या ए-९ महामार्गावर ते लागते. ताडाची आणि नारळाची झाडे, रेताड जमीन, जवळच खाजण, असा हा मुलूख. एप्रिल २०००मध्ये लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेने एलिफंट पासचा लष्करी तळ जिंकला आणि श्रीलंकेचे सैन्य मागे सरकून मुहमालैच्या रेषेवर उभे राहिले. पुढची जवळजवळ नऊ वर्षे ही रेषा फारशी हलली नाही. २००२च्या युद्धबंदीत इथूनच महामार्ग खुला झाला, लोक तपासणी नाक्यावर रांगा लावून जाऊ-येऊ लागले; ऑगस्ट २००६मध्ये इथे लढाई पुन्हा पेटली. इतकी वर्षे समोरासमोर उभ्या असलेल्या दोन सैन्यांनी आपापल्या बंकरांपुढे सुरुंगांच्या रांगा पुरल्या, जुन्यांच्या पुढे नव्या. जगातल्या सर्वांत दाट सुरुंगपट्ट्यांत मुहमालैचे नाव घेतले जाते ते त्यामुळे.

मे २००९मध्ये युद्ध संपले. सुमारे तीन लाख तमिळ माणसे तेव्हा वावुनियाजवळच्या मेनिक फार्मसारख्या छावण्यांत होती. माणसे टप्प्याटप्प्याने गावांकडे परतली आणि सप्टेंबर २०१२मध्ये मेनिक फार्मची छावणी बंद झाली. पण गावाकडे परतणे आणि घरी परतणे यांत अंतर होते. पुढच्या फळीवरच्या गावांतल्या कुटुंबांना घराची जागा लांबून दिसायची, तिथे पाऊल ठेवता येत नव्हते. मध्ये कवटीचे चित्र असलेल्या लाल पाट्या होत्या. नातेवाइकांच्या अंगणात, पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यात, दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करत त्यांनी वर्षे काढली. स्वतःची नारळाची झाडे नजरेसमोर असताना नारळ विकत घ्यायचे, ही त्यांची रोजची शांतता होती.

या जमिनीतले सुरुंग शोधणे सोपे नाही. श्रीलंकेच्या सैन्याने वापरलेला पाकिस्तानी बनावटीचा 'पी-४' हा सुरुंग बहुतांशी प्लास्टिकचा, त्यात धातू अगदी नाममात्र. लिट्टेने स्वतः बनवलेल्या 'जॉनी' सुरुंगांपैकी एक तर लाकडी पेटीतला. धातुशोधक यंत्र अशा सुरुंगावर जेमतेम कुजबुजते. उलट तोफगोळ्यांच्या हजारो कपच्या जमिनीत विखुरलेल्या, त्यांवर मात्र ते सतत ओरडत राहते. म्हणून श्रीलंकेत दाताळ्याने माती उकरण्याची पद्धत रुजली. काम करणारी व्यक्ती चेहऱ्यावर जाड पारदर्शक ढाल आणि अंगात संरक्षक जाकीट घालून, आखून दिलेल्या अरुंद पट्टीत बसते. समोर एक आडवी काठी. काठीच्या अलीकडची जमीन तपासलेली, पलीकडची अविश्वासाची. सुरुंग फुटतो तो वरून दाब पडला की. बाजूने माती सुटत गेली तर सहसा फुटत नाही. त्यामुळे आधी पुढ्यात एक चर खणतात आणि त्या चरात माती थोडी थोडी ओढून घेतात. एका दाताळ्याने घट्ट माती मोकळी करायची, दुसऱ्या हलक्या दाताळ्याने ती ओढायची, नजर दातांवरून हलू द्यायची नाही. हिरवट किंवा तपकिरी गोल कड दिसली की हात थांबतो, खूण ठोकली जाते, पथकप्रमुखाला बोलावले जाते. नंतर तो सुरुंग नष्ट केला जातो. ठरलेल्या खोलीपर्यंत पट्टी स्वच्छ झाली की काठी हातभर पुढे सरकते. दिवसभरात एका माणसाच्या हातून मोकळी होणारी जमीन चौरस मीटरांत मोजायची असते, एकरांत नाही.

हे काम करणाऱ्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच याच भागातल्या. हॅलो ट्रस्ट आणि मॅग या ब्रिटिश संस्थांनी, 'डॅश' आणि 'शार्प' या श्रीलंकेतल्याच संस्थांनी आणि सैन्याच्या तुकड्यांनी हे काम वाटून घेतले आहे. युद्धाने उत्तर श्रीलंकेत हजारो घरांतला कर्ता पुरुष नेला. कुणी मेला, कुणी बेपत्ता झाला. मागे राहिलेल्या बाईला दोन वेळची चूल पेटवायची तर दरमहा हातात पगार देणारे काम हवे होते. ते सुरुंगांच्या पट्टीत मिळाले. ज्या युद्धाने घर मोडले त्याचेच अवशेष वेचून त्यांनी मुलांची शिक्षणे केली. या बायकांच्या धैर्याचे कौतुक पुष्कळ होते. त्यांच्या पुढच्या आयुष्याची चर्चा तेवढी होत नाही. श्रीलंका डिसेंबर २०१७मध्ये सुरुंगबंदी करारात सामील झाली आणि त्यानुसार सगळा देश जून २०२८पर्यंत मोकळा करायचा आहे. काम जितके चोख होईल, तितकी त्यांची नोकरी लवकर संपेल. ज्यांनी इतरांना शेते परत दिली त्यांना दुसरे कौशल्य, स्वतःची जमीन किंवा छोट्या धंद्यासाठी भांडवल मिळणार की नाही, हा प्रश्न शेवटचा सुरुंग निघण्याच्या आधी सुटायला हवा. नंतर त्याकडे लक्ष द्यायला तिथे कोणी उरणार नाही.

कुठली जमीन आधी मोकळी करायची, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. मोझांबिकचे उदाहरण त्यासाठी फार बोलके आहे. आधी पोर्तुगीजांविरुद्धचा स्वातंत्र्यलढा आणि मग १९७७ ते १९९२ या काळातले यादवी युद्ध, यांत त्या देशाचे रस्ते, रेल्वेमार्ग, पूल, विजेचे मनोरे यांभोवती सुरुंग पेरले गेले. शांतता करार ऑक्टोबर १९९२मध्ये झाला आणि देश सुरुंगमुक्त झाल्याची घोषणा सप्टेंबर २०१५मध्ये झाली. तेवीस वर्षे लागली, पण काम पूर्ण झाले, हे आधी नमूद करायला हवे; कारण 'हे कधी संपणारच नाही' असे म्हणणाऱ्यांना ते उत्तर आहे. जॉर्जिओ किओव्हेली, स्टेलिओस मिकालोपोलोस आणि इलिआस पापाइओआनू या अर्थशास्त्रज्ञांनी या सगळ्या काळातली कुठली जमीन कधी मोकळी झाली याची माहिती जमवून, उपग्रहांतून दिसणाऱ्या रात्रीच्या दिव्यांशी ताडून पाहिली. रस्ते, रेल्वेमार्ग आणि बाजारपेठांची गावे मोकळी झाली, की भरभराट त्या जागेपुरती राहत नाही. जिथे कधी सुरुंग नव्हते अशा दूरच्या गावांपर्यंत ती पोचते, कारण त्यांचा माल आता बाजारात जाऊ शकतो. सुरुवातीची अनेक वर्षे मात्र काम तुकड्यातुकड्यांत, ज्या देणगीदाराला जो प्रांत सोयीचा त्याप्रमाणे झाले. सगळ्या देशाचा नकाशा समोर ठेवून क्रम लावला असता तर तोच पैसा कितीतरी अधिक लोकांच्या उपयोगी पडला असता.

जाफन्याला याचा अनुभव आला. कोलंबोहून जाफन्याला जाणारी 'यालदेवी' रेल्वे १९९०मध्ये बंद पडली. रूळ उखडून बंकरांसाठी वापरले गेले, मार्गाच्या दोन्ही बाजूंना सुरुंग आले. भारताच्या कर्जसाहाय्यातून 'इरकॉन' या भारतीय सार्वजनिक कंपनीने हा मार्ग नव्याने बांधला आणि ऑक्टोबर २०१४मध्ये गाडी पुन्हा जाफन्याला पोचली. चोवीस वर्षांनी. हा मार्ग मुहमालैतूनच जातो. रूळ टाकणाऱ्यांच्या आधी त्या जमिनीत दाताळी चालवणारे हात गेले होते. उद्घाटनाच्या कोनशिलेवर अशांची नावे येत नाहीत. पण त्यांनी जमीन मोकळी केली नसती तर एकही स्लीपर टाकता आला नसता.

तंत्राइतकेच या कामात माणसांचे ऐकून घेणे लागते. सुरुंगांचे लष्करी नकाशे अपुरे असतात, कधी हरवतात, बंडखोरांनी तर बहुधा ठेवलेलेच नसतात. मग गावात जाऊन विचारावे लागते. गाय कुठे मेली? पोरे कुठे जात नाहीत? सैनिक कुठून पाणी आणायचे? एखाद्या गुराख्याच्या किंवा म्हाताऱ्या कोळ्याच्या आठवणीतून शेकडो एकर जमीन संशयातून बाहेर काढता येते, तिथे एकही चर न खणता. याच्या उलट बाजूही असते. संस्थेने जमीन मोकळी झाल्याचा कागद दिला तरी गावाचा विश्वास बसत नाही. म्हणून काही ठिकाणी जमीन सोपवताना सुरुंग काढणारे स्वतः त्या शेतातून लोकांसमोर चालून दाखवतात. भीतीने पडीक राहिलेली जमीन आणि सुरुंगाने पडीक राहिलेली जमीन यांत शेतकऱ्याच्या चुलीला फरक पडत नाही. त्यामुळे गावकऱ्यांना सुरुवातीपासून कामात भागीदार करून घेणे हा शिष्टाचाराचा भाग समजू नये. त्यावरच कामाचा उपयोग ठरतो.

या सगळ्या अनुभवातून जग शहाणे होत असल्याचे १९९०च्या दशकात वाटले होते. जानेवारी १९९७मध्ये राजकुमारी डायना अंगोलात हुआम्बो इथल्या सुरुंगपट्टीतून चालत गेल्या आणि जगभरच्या घराघरांत हा विषय पोचला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला ओटावा इथे सुरुंगबंदी करार सह्यांसाठी खुला झाला, आणि त्यासाठी झटणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेला व जोडी विल्यम्स यांना शांततेचे नोबेल मिळाले. मार्च १९९९मध्ये करार अमलात आला. पुढे १६०हून अधिक देश त्यात आले, कोट्यवधी साठवलेले सुरुंग नष्ट झाले, सुरुंगांचा व्यापार जवळजवळ थांबला. आज हे सारे डळमळीत झाले आहे. रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणानंतर युक्रेनची काळीभोर सुपीक जमीन मोठ्या प्रमाणावर सुरुंगांनी भरली. आणि २०२५मध्ये लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड या पाच देशांनी करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा सुरुंग हटवण्याच्या कामाचा सर्वांत मोठा देणगीदारच मागे सरला आणि ठिकठिकाणी पथकांना हातातले काम ठेवावे लागले.

या पाच देशांची भीती खोटी नाही. शेजारी रशियासारखा असेल आणि त्याने नुकताच दुसऱ्या शेजाऱ्याचा मुलूख गिळला असेल, तर सरहद्दीवरच्या सेनापतीला प्रत्येक साधन हवेसे वाटणार. पण सुरुंग आणि इतर शस्त्रे यांत एक मूलभूत फरक आहे. तोफ थांबवता येते, रणगाडा परत नेता येतो. पुरलेला सुरुंग ज्या धोक्यासाठी पुरला तो टळल्यावरही तिथेच राहतो, आणि तेव्हा त्याच्या समोर शत्रू नसतो, स्वतःच्याच देशाचा शेतकरी असतो. पुरात, वाळूच्या सरकण्यात तो जागाही बदलतो. मुहमालैत सुरुंग पुरणाऱ्या दोन्ही बाजूंना तेव्हा तो निरुपायच वाटला असणार. त्याची किंमत मात्र नऊ वर्षांच्या रेषेसाठी त्याहून अधिक वर्षे तिथले गावकरी मोजत आहेत.

भारताने या बाबतीत स्वतःकडेही पाहायला हवे. डिसेंबर २००१मधल्या संसदेवरील हल्ल्यानंतर 'ऑपरेशन पराक्रम'मध्ये पाकिस्तानच्या सरहद्दीवर आपल्या सैन्याने मोठ्या प्रमाणावर सुरुंग पेरले. पंजाब, राजस्थान, जम्मूतल्या शेतकऱ्यांना उभी पिके सोडावी लागली. युद्ध झालेच नाही. तरी सुरुंग पेरताना आणि काढताना आपले जवान दगावले, अपंग झाले, आणि सरहद्दीवरच्या गावकऱ्यांनाही झळ बसली. भारत ओटावा करारात नाही. धातुशोधकाला न सापडणारे सुरुंग आपण बनवत नाही, सुरुंगांची निर्यात करत नाही, आणि सुरुंगमुक्त जगाचे ध्येय मान्य असल्याचे आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर सांगतो. पण लांब सरहद्दी राखण्यासाठी पर्याय मिळेपर्यंत सुरुंग सोडता येणार नाहीत, अशी आपली भूमिका आहे.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी संबंध तर फार जवळचा आहे. सुरुंग पेरण्याची आणि काढण्याची लष्करी विद्या शिकवणारे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय पुण्यात दापोडीला आहे आणि बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे मुख्यालय खडकीला. सैन्यासाठी 'निपुण' सुरुंगाची रचना करणारी संरक्षण संशोधन संस्थाही पुण्यातच. आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४४मध्ये, जखमी सैनिकांसाठी सुरू झालेले कृत्रिम अवयव केंद्रही पुण्यातच. सरहद्दीवर पाय गमावलेला जवान पुन्हा चालायला शिकतो तो तिथे. सुरुंगाचा जन्मापासून जखमेपर्यंतचा सारा प्रवास या एका शहरात पाहायला मिळतो. गडचिरोलीलाही पुरून ठेवलेल्या स्फोटकांची दाहकता माहीत आहे. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, कुरखेडा तालुक्यातल्या जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांचा वाहनचालक गेले. त्यांच्या घरच्यांना सुरुंगाविषयी कोणी काही समजावून सांगायची गरज नाही.

भारताकडे हे काम करण्याची कुवत आहे, आणि ते त्याने दाखवलेही आहे. २००९नंतर उत्तर श्रीलंकेत भारत सरकारच्या खर्चाने सुरुंग काढणारी पथके गेली. 'होरायझन' आणि 'सर्वत्र' या ज्या संस्थांची ती पथके होती, त्यांत आयुष्यभर सॅपर म्हणून नोकरी केलेली निवृत्त माणसे होती. सुरुंग काढल्यावर भारतानेच पन्नास हजार घरांची योजना श्रीलंकेत राबवली. क्रम अगदी बरोबर होता. आधी जमीन मोकळी, मग छप्पर, मग रेल्वे. जाफन्यातल्या केंद्रात बसवला जाणारा 'जयपूर फूट' हा कृत्रिम पायही भारतातूनच तिथे गेला. शेजाऱ्याला करायच्या मदतीत यापेक्षा अधिक उपयोगी आणि कमी वादाचे काम दुसरे सापडणे कठीण.

म्हणून आजच्या दिवशी तीन मागण्या करायला हव्यात. पहिली, शेजारी देशांना दिल्या जाणाऱ्या भारतीय मदतीत सुरुंग हटवण्यासाठी कायमची, दरवर्षीची तरतूद असावी. अमेरिकेची जागा भारत भरून काढू शकणार नाही, पण आपल्या अंगणातली पोकळी भरू शकतो. श्रीलंकेची २०२८ची मुदत त्यासाठी समोरच आहे. म्यानमारमध्ये लढाई थांबेल तेव्हा तिथली गरज याहून मोठी असेल. दुसरी, आपल्याच सरहद्दीवर सुरुंगाने जखमी झालेल्या नागरिकाला भरपाई, कृत्रिम अवयव आणि पडीक जमिनीचा मोबदला हक्क म्हणून, वेळेवर मिळावा. त्यासाठी त्याला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायला लागू नयेत. तिसरी, सुरुंगाला पर्याय शोधण्याची जी भाषा आपण इतकी वर्षे बोलत आलो, तिला मुदत घालावी. कोणत्या वर्षापर्यंत कोणत्या सरहद्दीवर सुरुंगांवाचून भागवू, हे संसदेला सांगावे. करारात जाण्याचा रस्ता टप्प्याटप्प्याने असू शकतो. पण तो रस्ता असल्याचे आणि आपण त्यावर चालत असल्याचे दिसले पाहिजे.

सुरुंग पेरण्याचा खर्च प्रत्येक देश संरक्षणाच्या खर्चात धरतो. ते काढण्याचा, जखमींना उभे करण्याचा आणि जमीन मालकाच्या हाती परत देण्याचा खर्चही त्याच हिशेबात, त्याच दिवशी धरला जावा. असा पूर्ण हिशेब मांडला, तर हे शस्त्र स्वस्त असल्याचा दावा कोणताही सेनापती करू शकणार नाही. आणि मुहमालैसारख्या गावांना आपल्या शेतात पाऊल टाकण्यासाठी परक्या देशांच्या औदार्याची वाट पाहत बसावे लागणार नाही.